सातपुड्यातली कुऱ्हाड, धरणातले शेवाळ : सावदा परिसराचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, जळगाव
मा. उपवनसंरक्षक, यावल वनविभाग, जळगाव
मा. अधीक्षक अभियंता, जलसंपदा विभाग, जळगाव
मा. मुख्याधिकारी, नगरपरिषद, सावदा

विषय : सुकी, अभोरा, मंगरूळ व मोर या धरणांच्या पाणलोटातील वृक्षतोड, तिचा पाण्यातील सूक्ष्म शेवाळावर होणारा परिणाम आणि त्याबाबतच्या मागण्या.

महोदय,

पावसाळ्यात कोणते धरण किती टक्के भरले याचा आकडा रोज वर्तमानपत्रात येतो. त्या पाण्याबरोबर डोंगरावरून काय उतरले आणि धरणात पोचल्यावर त्याचे काय झाले, याची नोंद मात्र आमच्या पाहण्यात कुठेच ठेवली जात नाही. हे मागणीपत्र मुख्यतः त्या नोंदीसाठी आणि ती नोंद बिघडू नये म्हणून राखायच्या झाडांसाठी आहे. केळी उत्पादक, भोई मच्छीमार, शिक्षक आणि पाड्यांवरची मंडळी यांनी आमच्या संघटनेच्या वतीने एकत्र बसून ते तयार केले आहे. मागण्या थोड्या आहेत. कारणे सविस्तर लिहिली आहेत, कारण शेवाळाबद्दलचे निवेदन म्हटले की ते बाजूला ठेवले जाण्याची भीती असते, आणि हे निवेदन तसे ठेवले जाऊ नये अशी आमची मनापासून इच्छा आहे.

शेवाळाशी आमचा संबंध काय, हे कोणत्याही केळीच्या बागेत पाहता येते. उन्हाळ्यात धरणाचे किंवा शेततळ्याचे पाणी ठिबकला जोडले की सँड फिल्टरच्या दोन गेजमधला फरक वाढत जातो आणि बॅकवॉशची पाळी लवकर लवकर येते. स्क्रीन फिल्टरचे झाकण काढून जाळी बाहेर घेतली तर तिच्यावर हिरवट तपकिरी थर बसलेला असतो. बोटाला बुळबुळीत लागतो, वाळला की त्याची पापडी निघते. लॅटरलचे टोक सोडून फ्लश केले की आधी हिरवट गढूळ पाणी येते, मग तुटलेले धागे येतात, आणि बऱ्याच वेळाने स्वच्छ धार लागते. ज्या नळीचे ड्रिपर चोकअप झाले तिच्यावरच्या झाडांना पाणी आणि विद्राव्य खत दोन्ही कमी मिळते, आणि ते घडाच्या वजनात दिसते. आम्ही आम्लप्रक्रिया करतो, क्लोरीन सोडतो, जाळी ब्रशने घासतो. या खर्चाचे मूळ बागेत नाही, पाणी जिथून येते तिथे आहे.

तो थर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर त्यात एकजात शेवाळ दिसत नाही. डायटम दिसतात, त्यांचे कवच वाळूच्याच द्रव्याचे, म्हणजे सिलिकाचे असते, काचेची झाकणाची डबी असावी तसे दोन भागांचे, आणि त्यावरच्या रेघा मोजून जात ओळखता येते. सेनेडेस्मससारखी हिरवी शेवाळे चार-चार पेशींच्या ओळीत दिसतात. मायक्रोसिस्टिस, अनाबिना यांसारखे नील-हरित शेवाळ गोळ्यांत आणि माळांत दिसते. ही सगळी मंडळी पाण्यात असणारच, असायलाच हवीत. धरणातल्या माशांच्या अन्नाची सुरुवात तिथूनच होते: शेवाळ सूक्ष्म प्राणी खातात, त्या प्राण्यांवर माशांची पिल्ले वाढतात. शेवाळ नको, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कोणते शेवाळ, किती आणि कोणत्या महिन्यात, एवढाच आमचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर डोंगरावरच्या झाडांवर बरेच अवलंबून आहे.

यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले. सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटरचे हे जंगल आणि त्याला लागून असलेले यावल-रावेरचे वनक्षेत्र कोरड्या पानझडीचे आहे: साग, सालई, धावडा, ऐन, आणि खडकाच्या भेगांत मुळ्या घालणारा अंजन. या जंगलाचे काम जूनच्या पहिल्या पावसात कळते. उन्हाळ्यात गळलेल्या पानांचा थर थेंबाचा मार स्वतःवर घेतो, पाणी जिरते, आणि मुळ्या मातीतला नायट्रेट उचलून घेतात. झाड गेले की ही तिन्ही कामे एकदम थांबतात. पालापाचोळा कुजत राहतो, त्यातून नायट्रेट सुटत राहतो, पण तो उचलणारी मुळी नसते. मातीच्या कणांना चिकटलेला फॉस्फरस कणांसकट नाल्यात उतरतो. लाकूड ओढून नेलेल्या वाटांच्या पावसाळ्यात घळी होतात. गाळ येतो तो पुष्कळदा खुंटांपेक्षा या वाटांतूनच जास्त. नाल्याकाठचा करंज, जांभूळ तुटला की पाण्यावरची सावली जाते आणि पाणी तापते. फेब्रुवारीनंतर वणवा लागला असेल तर राखेतला फॉस्फरसही पहिल्या पुरात खाली येतो.

पुढचे धरणात घडते, आणि लगेच घडत नाही. पावसाळ्यात पाणी इतके गढूळ असते की प्रकाश आत जात नाही, त्यामुळे पोषण असूनही शेवाळ वाढत नाही. आश्विन-कार्तिकात गाळ बसतो, ऊन मिळते आणि वाढ सुरू होते. थंडीत साधारणपणे डायटम भरपूर असतात. चैत्र-वैशाखात धरण आटून उथळ होते, पाणी तापते, तळाशी प्राणवायू संपला की गाळात लोहाशी बांधलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो, आणि तेव्हा नील-हरित शेवाळाचे फावते. त्यातल्या काही जाती हवेतला नायट्रोजन स्वतःच बांधतात, म्हणून फॉस्फरस मिळाला की त्यांना कुणाची गरज उरत नाही. म्हणजे जूनमध्ये वाहून आलेल्या मातीचा हिशेब एप्रिल-मे महिन्यांत निघतो. वर्षातून एकदा, तेही पावसाळ्यानंतर, पाण्याचा नमुना घेतला तर यातले काहीही हाती लागत नाही.

हे आम्ही अंदाजाने लिहीत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक येथे १९६५ च्या हिवाळ्यात एका लहान पाणलोटातली सगळी झाडे तोडली गेली. लाकूड जागीच ठेवले आणि पुढची तीन वर्षे तणनाशक मारून नवी वाढ होऊ दिली नाही. पहिल्याच वर्षी ओढ्याचे पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढले, आणि त्यातला नायट्रेट ४० पटींहून अधिक वाढून पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेबाहेर गेला. ओढ्यात शेवाळ माजले. कॅनडातल्या ओंटारिओमध्ये प्रयोगासाठी राखलेल्या सरोवरांपैकी २२६ क्रमांकाच्या सरोवरात १९७३ मध्ये मधोमध पडदा लावला. दोन्ही बाजूंना कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस मात्र एकाच बाजूला. त्याच वर्षी ती बाजू हिरवीगार झाली, दुसरी तशीच राहिली. आकाशातून घेतलेले त्या सरोवराचे छायाचित्र जगभर गेले आणि धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधने आणायला त्याची मदत झाली.

क्यूबेकमधल्या सरोवरांचा अभ्यास आम्हाला याहून मोलाचा वाटतो. तिथे तोड झालेल्या पाणलोटांतली सरोवरे, वणव्यात जळालेल्या पाणलोटांतली सरोवरे आणि हात न लावलेली सरोवरे एकमेकांशी ताडून पाहिली. तोड आणि वणवा दोन्हींनी फॉस्फरस वाढवला. पण तोडीनंतर मातीतले सेंद्रिय द्रव्य इतके उतरले की पाणी तपकिरी झाले, प्रकाश खोल जाईना, आणि पोषण वाढूनही शेवाळ त्या मानाने वाढले नाही. वणव्याच्या सरोवरांत प्रकाश पोचत राहिला, तिथे शेवाळ जास्त वाढले. याचा आमच्यासाठी अर्थ सरळ आहे: पाणी हिरवे दिसत नाही म्हणून ते ठीक आहे, असे धरून चालता येत नाही. आमच्याकडे प्रकाश अडवण्याचे काम गाळ करतो. धरण गढूळ आहे तोवर बिघाड झाकलेला राहतो आणि गाळ खाली बसला की उघडा पडतो. म्हणून रंग पाहून भागणार नाही, जाती मोजाव्या लागतील.

उत्तरेकडची ती सरोवरे नैसर्गिक आहेत, वर्षातले काही महिने बर्फाखाली असतात. आमची धरणे मे महिन्यात तळ दाखवतात. तिथली माती निकस, आमची बेसाल्टची, खनिजांनी भरलेली. त्यामुळे तिथले आकडे इथे लावावेत असे आम्ही म्हणत नाही. इथले आकडे इथेच काढावेत असे म्हणतो.

आता याच चार धरणांचा आग्रह का, ते सांगतो. तापी आणि पूर्णेच्या संगमावरचे ४१ दरवाजांचे हतनूर आमच्या भागातले सर्वांत मोठे धरण, आणि त्यातला गाळ साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. पण हतनूरच्या पाण्यात बैतुल, बऱ्हाणपूर, अमरावती, अकोला, बुलढाणा या सगळ्यांचे उतरते: शेतातले खत, गावांचे सांडपाणी, कारखान्यांचे पाणी. तिथे शेवाळ वाढले तर दोष कुणाचा यावर वर्षानुवर्षे वाद चालेल. सातपुड्याच्या पायथ्याची सुकी, अभोरा, मंगरूळ आणि मोर ही धरणे तशी नाहीत. त्यांच्या वरच्या अंगाला थोडी गावे, पाडे आणि नेवाडाची, म्हणजे जंगल तोडून काढलेली, शेते सोडली तर बाकी सगळे जंगल आहे. शहर नाही, कारखाना नाही. तिथल्या पाण्यातले डायटम कमी होऊन नील-हरित शेवाळ वाढू लागले तर त्याचे कारण शोधायला फार लांब जावे लागणार नाही. जंगलाची तब्येत पाण्यावरून तपासायची असेल तर इतकी स्वच्छ जागा जळगाव जिल्ह्यात दुसरी नाही, आणि ही जागा अजून हाताशी आहे.

शिवाय या धरणांच्या खालीच आमची केळी आहे. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या मूल्यांकनात अतिशोषित गटात नोंदले गेले आहेत. कूपनलिकांचे पाणी खोल गेले की धरणाच्या आणि कालव्याच्या पाण्याची किंमत वाढते. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले. सावदा आणि रावेर स्टेशनांवरून केळी उत्तरेत जाते. या सगळ्या उलाढालीखाली जे पाणी आहे त्यात काय जगते आहे, ते कुणाला तरी माहीत असायला हवे.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची मागणी काठाच्या झाडांची आहे. चारही धरणांच्या पूर्ण संचय पातळीपासून वर किमान १०० मीटर, आणि त्यांना मिळणाऱ्या प्रत्येक नाल्याच्या दोन्ही काठांना किमान ३० मीटर पट्टा तोडमुक्त जाहीर करावा. तो वन खात्याच्या कार्ययोजनेत नकाशावर आखावा, जागेवर चुन्याचे दगड लावून दाखवावा. या पट्ट्यात कूपतोड नको, मेलेले झाड काढण्याच्या नावाखाली जिवंत झाड नको, लाकूड ओढण्याची वाट नको. जिथे पट्टा आधीच उघडा पडला आहे तिथे करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन अशी नाल्याकाठची झाडे लावावीत. निलगिरी आणि सुबाभूळ नको. स्वीडन आणि फिनलंडसारखे देश, ज्यांची मोठी कमाई लाकडावर आहे, तेही तोड करताना पाण्याकाठी झाडांचा पट्टा राखतात. आपण तर अभयारण्याच्या उंबरठ्यावर आहोत. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ रोजी मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलातील तोडीला मनाई केली. तेव्हा कार्ययोजनेत काय लिहिले जाते यावरच सगळे ठरते, आणि आजवर या योजनांत झाडांचा घेर, वय आणि घनमीटर यांना जितकी जागा मिळाली तितकी पाण्याला मिळालेली नाही.

याच काठावर गाळपेरीचा प्रश्न आहे. पाणी उतरल्यावर उघडी पडणारी जमीन जिथे कसायला दिली जाते तिथे टाकलेला युरिया आणि डीएपी पुढच्या पावसात थेट धरणात विरघळतो. मध्ये गाळून घेणारे काहीच नसते. गाळपेर बंद करा असे आम्ही म्हणत नाही, ती गरिबांची शेती आहे. तिथे रासायनिक खत आणि तणनाशक वापरू नये अशी अट भाडेपट्ट्यात असावी, आणि शेणखताची सोय कृषी खात्याने करून द्यावी.

दुसरी मागणी शेवाळाच्या नोंदवहीची. प्रत्येक धरणात तीन ठिकाणी, म्हणजे नाला मिळतो तिथे, मधोमध आणि भिंतीजवळ, दर महिन्याला नमुना घ्यावा. हे काम अवघड नाही आणि महागही नाही. २० सेंटीमीटरची काळी-पांढरी सेची तबकडी दोरीने पाण्यात सोडायची, ती दिसेनाशी होते ती खोली लिहायची. २० मायक्रॉनच्या जाळीतून ठरावीक लिटर पाणी गाळायचे, लुगॉलच्या आयोडीन द्रावणाचे थेंब टाकून बाटली बंद करायची, तापमान आणि वेळ लिहायची. पुढे सेजविक-राफ्टर खणात एक मिलिलिटर घेऊन मोजणी करायची. बाटली भरण्यापर्यंतचे काम आमचे भोई बांधव होडीतून करू शकतात. पाण्यात रोज तेच असतात, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडू लागले की प्राणवायू कमी झाल्याचे सर्वांत आधी त्यांनाच कळते. मोजणीसाठी फैजपूर, रावेर, यावल येथील महाविद्यालयांचे वनस्पतिशास्त्र विभाग आणि जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांच्याशी रीतसर करार करावा. डायटमांची ओळख पटवण्यासाठी पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे मार्गदर्शन घ्यावे, तिथे या विषयावर काम चालते. एच. पी. गांधी यांनी कोल्हापूर परिसरातल्या गोड्या पाण्याच्या डायटमांचा अभ्यास १९५० च्या दशकातच केला होता. महाराष्ट्रात या विद्येची परंपरा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी ती अजून पुरेशी पोचलेली नाही.

नमुने किमान पाच वर्षे सलग घेतले पाहिजेत, नाहीतर पावसाच्या चढउतारातून जंगलाचा परिणाम वेगळा काढता येणार नाही. आणि प्रत्येक नोंदीसमोर त्या पाणलोटात त्या वर्षी किती तोड झाली, किती हेक्टर वणवा लागला, हे वन खात्याने लिहावे. ही दोन रकान्यांची जोडणी आम्हाला हवी आहे. पाण्याचे आकडे जलसंपदेच्या कपाटात आणि जंगलाचे आकडे वन खात्याच्या कपाटात राहिले तर दोन्हींचा उपयोग नाही. युरोपीय संघाने २००० सालच्या पाणीविषयक निर्देशात नद्या-तलावांची अवस्था ठरवताना सूक्ष्म शेवाळ आणि डायटम पाहणे बंधनकारक केले. आपल्याकडे नेहमीच्या तपासणीत आम्ल-विम्लता, प्राणवायू, जीवाणू पाहिले जातात, तेही आवश्यकच आहे. पण नमुना घेतला त्या क्षणी पाणी कसे होते एवढेच त्यातून कळते. शेवाळाची जात मागच्या कित्येक आठवड्यांचे सांगते.

तिसरी मागणी तातडीची आहे, कारण ती हुकली तर भरून निघणार नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ पासून राबवली जात आहे. तिचे आम्ही स्वागत करतो. आमच्यापैकी अनेकांना हा गाळ शेतात हवा आहे. परंतु डायटमांची सिलिकाची कवचे कुजत नाहीत. धरण बांधल्यापासून दर पावसाळ्याचा थर तळाशी एकावर एक बसला आहे, आणि कोणत्या काळात कोणते शेवाळ होते, माती किती वेगाने येत होती, जंगल केव्हा विरळ झाले, हे त्या थरांत उतरलेले आहे. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराच्या तळाचा गाळ अभ्यासून शास्त्रज्ञांनी हजारो वर्षांच्या पावसाचा अंदाज बांधला. आमची धरणे काही दशकांची आहेत, पण सातपुड्यातले जंगल विरळ झाले तेही याच दशकांत. पोकलेनने एकदा खरवडले की ते थर गेले. म्हणून या चार धरणांत गाळ काढण्यापूर्वी प्रत्येकी किमान दोन ठिकाणी नळी उभी घालून गाळाचा अखंड नमुना काढावा आणि विद्यापीठात जतन करावा. एवढ्याने योजना अडत नाही, फार तर काही दिवस लांबते. धरणांतला गाळ मोजण्याचे काम नाशिकची ‘मेरी’ संस्था करतेच, तिची मदत घेता येईल. शिवाय तळाचा एक कोपरा न खणता कायम राखून ठेवावा.

पिण्याच्या पाण्याबाबत. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याचे पाणी शेवाळासारख्या सूक्ष्म जीवांपासून आणि विष तयार करणाऱ्या जीवांपासून मुक्त असले पाहिजे. मायक्रोसिस्टिससारख्या शेवाळात तयार होणारे मायक्रोसिस्टिन यकृताला घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम सांगितली आहे. ते उकळल्याने जात नाही. उलट, हिरव्या झालेल्या पाण्यात मोरचूद टाकला किंवा ब्लीचिंग पावडरचा मारा केला तर पेशी फुटतात आणि आतले विष पाण्यात मिसळते. आमच्या भागात असे विष आढळले आहे असा आमचा दावा नाही. मागणी इतकीच की धरणाचे पाणी जिथे जिथे पिण्यासाठी उचलले जाते तिथे मार्च ते जून दर पंधरवड्याला नील-हरित शेवाळाची मोजणी व्हावी, ती ठरावीक पातळीपुढे गेली तर मायक्रोसिस्टिनची तपासणी व्हावी, आणि निकाल ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या फलकावर मराठीत लावावा. पाण्याला मातकट वास येतो ही तक्रार घेऊन बाई नळावर उभी राहते तेव्हा तिला उत्तर मिळाले पाहिजे. तो वास बहुधा शेवाळातूनच येतो.

वरील मागण्यांवर एक कायदेशीर अडचण पुढे केली जाईल, म्हणून तिचाही उल्लेख करतो. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांतून सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत. म्हणजे सुकी धरणात हिवाळी पक्षी उतरले, मासे वाढले, शेवाळाच्या कितीही जाती नांदल्या, तरी नियमाच्या दृष्टीने ती पाणथळ जागा नव्हे. पण नियमाने संरक्षण दिलेले नाही म्हणजे जिल्हा प्रशासनाला संरक्षण देण्याची मनाई आहे असे नाही. पट्टा कार्ययोजनेतून राखता येतो, तपासणी जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून करता येते. तपासणीसाठी तरी मुंबई-दिल्लीच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.

आता ज्या मुद्द्यावर आमच्या बैठकीत सर्वाधिक वेळ बोलणे झाले तो. सातपुड्यात तोड होते म्हटले की बोट पाड्यांकडे जाते. तडवी, पावरा, बारेला कुटुंबे जळण आणतात, काही ठिकाणी नेवाड काढले गेले आहे, हे खरे आहे. पण गाड्या भरून सागवान बाहेर नेण्याचा धंदा पाड्यावरच्या माणसाच्या ऐपतीचा नसतो. तो सागवान विकत घेणारे, त्याचे दरवाजे आणि पलंग करून वापरणारे खाली मैदानात, आमच्यातच राहतात. म्हणून चोरट्या लाकडाची तपासणी डोंगराच्या वाटांवर जितकी होते तितकीच ती सॉ-मिल आणि फर्निचरच्या कारखान्यांच्या नोंदींत व्हावी. वनहक्क कायदा २००६ ने ग्रामसभांना जंगल आणि पाणलोट राखण्याचा अधिकार दिला आहे. सामूहिक वनहक्काचे प्रलंबित दावे निकाली काढावेत आणि काठाच्या पट्ट्याची राखण त्या ग्रामसभांकडे, मजुरी देऊन, सोपवावी. वणव्याच्या दिवसांत जाळरेषा काढण्याचे आणि राखणीचे पैसे वेळेवर मिळाले तर आग विझवायला सर्वांत आधी पाड्यावरचीच माणसे धावतात. आणि हे स्पष्टपणे नोंदवावे: या मागणीपत्राचा आधार घेऊन कुणाचे झोपडे उठवले किंवा दावा फेटाळला, तर आमची संघटना त्या कारवाईच्या विरोधात उभी राहील.

पैशांचा हिशेब थोडक्यात. सूक्ष्मदर्शक महाविद्यालयांत आहेत, होड्या मच्छीमारांकडे आहेत, विद्यार्थ्यांना प्रकल्प हवेच असतात. खर्च आहे तो बाटल्या, जाळ्या, द्रावण, प्रवास आणि मानधन यांचा. पाणीपट्टीतला थोडा वाटा यासाठी राखावा. केळी उत्पादक म्हणून आमचा हिस्सा द्यायला आम्ही तयार आहोत, आणि आमच्या शेततळ्यांचे नमुनेही त्याच नोंदवहीसाठी देऊ.

२०२० च्या जूनमध्ये लोणारचे पाणी गुलाबी झाले तेव्हा न्यायालयापासून वन खात्यापर्यंत सगळे जागे झाले, नमुने पुण्याला गेले, आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आल्याचे आघारकर संस्थेच्या तपासणीत निघाले. काम चोख आणि झटपट झाले. परंतु रंग डोळ्यांना दिसल्यावर झालेली ती तपासणी होती. आमच्या धरणांची तपासणी रंग दिसण्याआधी सुरू व्हावी.

त्यासाठी पुढील क्रम सुचवतो. येत्या पावसाळ्यापूर्वी, म्हणजे धरणांत पाणी सर्वांत कमी आणि गाळ उघडा असताना, गाळाचे उभे नमुने काढून घ्यावेत आणि चारही धरणांतून पहिले पाणी-नमुने घ्यावेत. पावसाळ्याच्या आत काठाच्या पट्ट्याची आखणी व्हावी, म्हणजे रोपे पहिल्या पावसात लागतील. वन, जलसंपदा, नगरपरिषद, महाविद्यालये, ग्रामसभा आणि आमची संघटना यांची संयुक्त बैठक जिल्हाधिकाऱ्यांनी एका महिन्यात सावदा येथे बोलवावी, आणि तिचे इतिवृत्त सर्वांना द्यावे. बैठकीला आम्ही आमच्या बागांतल्या फिल्टरच्या जाळ्या आणि धरणाच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन येऊ. एका महाविद्यालयाने सूक्ष्मदर्शक आणण्याचे मान्य केले आहे.

आपले,
संघटनेचे पदाधिकारी व सभासद
सावदा, ता. रावेर, जि. जळगाव